साडेतीनच्या गाडीची बातमी

आमच्या काळी बातमीला गाडी लागायची. घोडेगावच्या स्टँडवरून दुपारी साडेतीनला पुण्याची एसटी सुटायची आणि तिच्यात कंडक्टरच्या सीटखाली, तिकिटांच्या पेटीला चिकटून, एक खाकी पाकीट जायचं. पाकिटावर मोठ्या अक्षरात ‘बातमी – तातडीची’ असं लिहिलेलं, आणि कडांना इतका गोंद की उघडताना आतला कागदही फाटावा. शिवाजीनगरला पेपरचा माणूस सायकलवरून येऊन ते घेऊन जाई. साडेतीनची चुकली की बातमी एक दिवस मागे पडली. त्या गाडीचे कंडक्टर माझे वडील होते. आमचं मूळ गाव जुन्नरकडचं डिंगोरे, पण अण्णांच्या नोकरीपायी आम्ही घोडेगावात एका खोलीत राहायचो, आणि ते पाकीट दुकानातून आणून अण्णांच्या हातात द्यायचं काम माझ्याकडे आलं होतं. म्हणजे पत्रकारितेत मी शिरले ती हमाल म्हणून. पुढं तीस वर्षं पुण्याच्या पेपरांत काढली, तरी सुरुवात कुठून झाली असं कुणी विचारलं की मी ‘एसटीच्या सीटखालून’ असंच सांगते.

पाकीट विमलताईंचं असायचं. विमलताई म्हणजे स्टँडसमोरचे किराणा दुकानदार मोहनशेठ यांची थोरली बहीण. घराणं राजस्थानातून आलेलं, जैन, पण तीन पिढ्या घोडेगावात मुरलेलं. ताई रागावायच्या मराठीत, हसायच्या मराठीत, फक्त देवापुढं मारवाडी बोलायच्या. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा गेला आणि त्या माहेरी आल्या त्या कायमच्या. अशा बाईनं माजघरात बसून पापड लाटावेत अशी सगळ्यांची अपेक्षा. ताईंनी पापडही लाटले, सुरेख लाटायच्या. पण दुकानात पुड्या बांधायला येणारी रद्दी वाचता वाचता एक दिवस त्यांनी पुण्याच्या एका दैनिकाला पत्र टाकलं, की तुमच्या पेपरात आमचा तालुका फक्त कुणी मेलं किंवा कुणी पुढारी आला तरच येतो, मधल्या दिवसांत आम्ही काय करतो ते मी कळवू का. संपादकानं कळवा म्हटलं. तालुक्याला बाई वार्ताहर ही पेपरला मिरवायची गोष्ट होती, म्हणून बाकीच्या वार्ताहरांचं न छापता ताईंचं नाव मात्र बातमीवर छापायचे. ते दैनिक कोणतं ते मी सांगणार नाही. त्यात आता जुनं कुणी उरलेलं नाही आणि भांडायची माझी हौसही फिटली आहे.

ताईंचं ऑफिस म्हणजे दुकानाच्या ओट्याचा कोपरा. पाठीला शेंगदाण्याचं पोतं, मांडीवर पाट, पाटावर कागद. कागद म्हणजे जुन्या बिलबुकांची कोरी मागली बाजू. ताईंना पूर्ण कोरा कागद वापरायला जिवावर यायचं. मागच्या गल्लीत मिरची कांडायची गिरणी होती. ती सुरू झाली की सगळा ओटा शिंकायला लागायचा आणि ताई पदर नाकाला लावून लिहीत राहायच्या. समोरून स्टँडवरच्या कंट्रोलरचा भोंगा, मधूनच तराजूच्या पारड्याचा आवाज, आतून मोहनशेठच्या बायकोची, आमच्या वहिनींची हाक. या सगळ्यात त्या शेजारी बसलेल्या बाईला विचारायच्या, “बैल किती वाजता गेला म्हणालात?” आणि तिचं उत्तर येईस्तोवर पेन्सिल हवेत धरून थांबायच्या. कितीही वेळ थांबायच्या. मी पुढं मोठमोठ्या पत्रकारांबरोबर काम केलं, पण समोरच्याला बोलून पुरं करू देणारं माणूस मला पुन्हा भेटलं नाही.

त्या घरात सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची. कांदा नाही, बटाटा नाही, पाणी उकळून गाळलेलं. पण गट्ट्यांची भाजी, पापडाची भाजी, तुपाची धार घातलेली मुगाची खिचडी आणि कैरीचं गोड लोणचं. आमच्या घरच्या बाजरीच्या भाकरीवर आणि सुकटीवर वाढलेली मी, मला पहिल्यांदा ते आजारी माणसाचं जेवण वाटलं. महिन्याभरात चटक लागली. पहिला महिना वहिनी मला ओट्यावरच वाढायच्या. आम्ही बौद्ध, हे घोडेगावात काही कुणापासून लपलेलं नव्हतं. ताई मग स्वतःचं ताट घेऊन रोज ओट्यावर येऊन बसायला लागल्या. थोरली नणंद रस्त्यावर जेवते हे काही बरं दिसेना, तेव्हा एके दिवशी वहिनीच म्हणाल्या, “आता दोघीपण आत या.” आई मला म्हणायची, “तिथं जाऊन जाऊन तू शेठजी व्हशील एक दिवस.” पण ती शेजारणींना मात्र सांगायची की आमची सुजाता पेपरात हाय.

आणि फळा. ओट्याच्या भिंतीवर डांबर फासून केलेला काळा फळा होता, दारापेक्षा रुंद. पेपरात न मावणारं सगळं ताई रोज सकाळी त्यावर खडूनं लिहायच्या. भीमाशंकरची गाडी आज येणार नाही. अमक्याची शेळी चुकली आहे, कान कापलेला आहे. तमक्यांची आई गेली, सावडणं उद्या. खाली सही, ‘विमल’. गाडीला थांबलेली माणसं फळा वाचायची, ज्यांना वाचता येत नसे ती शेजारच्याला विचारायची, आणि अण्णा तर गाडी भरल्यावर घंटी द्यायच्या आधी सगळा फळा गाडीत मोठ्यानं म्हणून दाखवायचे. डिंभ्यापासून मंचरपर्यंत लोक म्हणायचे, विमलबाईच्या फळ्यावर आलंय म्हणजे झालंच ते.

आता कामाची एक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. तालुक्यातले कार्यक्रम व्हायचे चारला आणि पाहुणे यायचे साडेपाचला. गाडी तर साडेतीनची. म्हणून बाकीचे वार्ताहर कार्यक्रमाची बातमी सकाळीच लिहून मोकळे व्हायचे. आमंत्रणपत्रिका समोर ठेवायची, हस्ते कोणाच्या, अध्यक्ष कोण, आभार कोणी मानले ते उतरवायचं आणि शेवटी ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ असं ठोकून द्यायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. वाचणाऱ्यांनाही ठाऊक होतं. एकट्या ताई तसं लिहायच्या नाहीत. त्या जायच्या, बघायच्या, दुसऱ्या दिवशी लिहायच्या, आणि ती बातमी तिसऱ्या दिवशी छापून यायची. संपादकाची पत्रावर पत्रं यायची. दुसऱ्या पेपरचा वार्ताहर स्टँडवर चहा पिताना मोठ्यानं म्हणायचा, “विमलबाईंची बातमी म्हणजे शिळी भाकरी, राव.” ताईंनी एकदाच उत्तर दिलं, तेही ओट्यावरून न उठता. “शिळी भाकरी खाता येते, भाऊ. न भाजलेली नाही खाता येत.”

मला तेव्हा त्या बोलण्याचा अभिमान वाटायचा आणि लाजही वाटायची. अठरा-एकोणीस वर्षांची होते मी. आपलं पाकीट सगळ्यात मागून जातं, स्टँडवरची माणसं हसतात, हे मला लागायचं. एकदा तरी आपली बातमी सगळ्यांच्या बरोबर यावी, एवढीच माझी इच्छा होती. आज हे लिहिताना वाटतं, मोठमोठी पापं अशाच बारीक इच्छांतून होतात.

त्या उन्हाळ्यात डिंभ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीत नळ येणार होता. वाडीचं काही वेगळं नाव होतं, पण आम्ही सगळे तिला वरची वाडीच म्हणायचो. डिंभ्याच्या नव्या धरणाच्या भिंतीमागं पाणी साठायला लागलं होतं आणि वाडीतल्या बायका तासभर उतरून ओढ्यात खणलेल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं हंडे भरत होत्या. धरण उशाला आणि कोरड घशाला. ताईंनी दोन वर्षं त्या वाडीवर लिहिलं होतं. त्या लिहिण्यानंच आठवड्यातून दोनदा पाण्याचा टँकर सुरू झाला होता आणि आता नळाची योजना मंजूर होऊन टाकी बांधून झाली होती. उद्घाटनाला मोठे पुढारी येणार होते. आणि नेमक्या आदल्या दिवशी ताईंना ताप भरला. गोधडीत गुरफटलेल्या त्या मला म्हणाल्या, “उद्या तू जा वाडीला. बघ, वहीत उतरव आणि मला येऊन सांग. परवा लिहू दोघी मिळून.”

मी सकाळीच लिहिली. घरी, आई भाकरी थापत होती तिच्या शेजारी बसून, आमंत्रणपत्रिका गुडघ्यावर ठेवून. ताईंची वाक्यं मला पाठ होती, अक्षरही त्यांच्यासारखं काढता यायचं. वर मथळा घातला, ‘वाडीतील भगिनींच्या डोक्यावरचा हंडा उतरला’. तो मथळा सुचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, इतका तो मला आवडला. नळातून खळाळतं पाणी येताच महिलांच्या डोळ्यांत आनंदाश्रू तरळले, हेही घातलं. शेवटी ताईंचं नाव. अण्णा जेवत होते त्यांच्यापुढं पाकीट ठेवलं. ते म्हणाले, “आज लवकर? ताईंस्नी बरं वाटतंय वाटतं.” मी मान हलवली. हो म्हटलं नाही आणि नाही म्हटलं नाही.

मग डिंभ्याची गाडी पकडली, ती तासभर उशिरा आली, पुढं चालत वाडीवर गेले. मांडव, कर्णा, पोरांना वाटलेले पेढे. पाहुणे साडेपाचला आले. नळाला झेंडूचा हार घातला होता. नळ फिरवला तसा आधी नुसता वारा आला, सूं सूं असा, मग तांबडं पाणी, मग स्वच्छ धार. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. वाडीतली हौसाबाई, साठीची, ताठ कण्याची, तिचा हंडा पहिला लावायचा मान होता. तो भरला. दुसरीचा भरला. तिसरा अर्धा झाला आणि धार बारीक होत होत थांबली. तोवर गाड्या धूळ उडवत खाली उतरत होत्या. मागाहून कळलं, खालच्या विहिरीपासून टाकीपर्यंतचा पाइप मध्ये फर्लांगभर टाकलाच नव्हता. सकाळी टँकरनं टाकीत थोडं पाणी सोडलं होतं, तेवढंच ते.

दुधाच्या टेम्पोनं मी परत आले तेव्हा दिवेलागण होत होती. मी सरळ दुकानात गेले. ताई ग्लानीत होत्या, वहिनी म्हणाल्या, “उठवू नको गं, आत्ता कुठं डोळा लागलाय.” आणि इथं मला खरं ते सांगायचं आहे, जे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुकानात फोन होता. काळा, डायलला बारकं कुलूप लावलेला. मोहनशेठ समोर बसले होते. पेपरचं पान छपाईला सुटायला अजून अवकाश होता. मी म्हटलं असतं, पुण्याला एक फोन लावून द्या, तर त्यांनी किल्ली काढली असती. मी त्या फोनकडं बघत उभी राहिले आणि मग घरी गेले. घाबरले होते, हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं, की तो मथळा मला छापलेला बघायचा होता.

सकाळी छापून आला. चौकटीत, ताईंच्या नावासकट, आणि पहिल्यांदाच इतर दोन पेपरांच्या बरोबर. ताई उठून बसल्या होत्या, हातात पेपर. त्यांनी तो दोनदा वाचला. मग माझ्याकडं बघून विचारलं, “पाणी आलं का गं?”

“अडीच हंडे,” मी म्हटलं.

“मग?”

“मग थांबलं.”

“आणि हे कधी लिहिलंस?”

मी सांगितलं. रडत सांगितलं, पण सगळं नाही, फोनचं गाळलं. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. ताईंनी पेपराची घडी घातली, उठल्या, भिंतीला धरत बाहेर आल्या आणि ओल्या फडक्यानं फळा पुसायला लागल्या. वहिनी धावत आल्या, “अहो ताप आहे अंगात.” त्या पुसतच राहिल्या. मग लिहिलं. ते शब्द मला आजही तोंडपाठ आहेत. ‘वरच्या वाडीत पाणी आल्याची बातमी आज माझ्या नावाने छापून आली आहे. ती खोटी आहे. नळाला अडीच हंडे पाणी आले आणि थांबले. बातमी कार्यक्रमाच्या आधी लिहिली होती. चूक माझी आहे.’ आणि खाली सही, ‘विमल’.

“ताई, चूक माझीय,” मी म्हटलं. “माझं नाव लिहा.”

“तुझं नाव कुणाला ठाऊक आहे?” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. “ज्या नावानं खोटं गेलं त्याच नावानं खरं जायला पाहिजे. नाहीतर लोक म्हणतील, बाईनं पोरीवर ढकललं. आणि तू गप्प राहायचंस. सगळ्या तालुक्यात तुझं पहिलं नाव खोटेपणासाठी निघालं, तर पुढं तुझं खरंही कुणी वाचणार नाही.”

मोहनशेठ गल्ल्यावरून म्हणाले, “ताई, एवढं काय त्यात? बाकीच्या दोघांनीपण तेच छापलंय. माफीच मागायची तर संवत्सरीला मागा, सगळेच मागतात.” जैन घरांत वर्षातून त्या एका दिवशी सगळे एकमेकांची क्षमा मागतात, ते त्यांच्या मनात. ताई म्हणाल्या, “संवत्सरीला पाच महिने आहेत. तोवर वाडीनं तहानेलं राहायचं का?” आणि मला म्हणाल्या, “चप्पल घाल. वाडीला जायचंय.”

अंगात ताप, वर उन्हाचा कडाका. डिंभ्यापर्यंत गाडी, तिथून चढ. ताई दर पन्नास पावलांवर थांबायच्या. मी बरोबर उकळलेल्या पाण्याचा तांब्या घेतला होता, तो अर्ध्या वाटेतच संपला. वाडीच्या तोंडाशी पोचलो आणि मी जे पाहिलं ते मरेपर्यंत डोळ्यांसमोरून जायचं नाही. नळापासून थेट देवळाच्या पारापर्यंत हंड्यांची रांग लागली होती. पितळेचे, ॲल्युमिनियमचे, प्लास्टिकच्या घागरी, दोन तेलाचे डबे. शंभरेक तरी असतील, सगळे कोरडे. बायका सावलीला बसल्या होत्या, आणि झिऱ्याकडं कुणीच गेलं नव्हतं. हारातला झेंडू नळाला तसाच लोंबत होता.

हौसाबाई उठून आली. “या ताई. पेपर आला, मास्तरांनी वाचून दावला. म्हनलं, काल बंद पडलं व्हतं खरं, पन विमलताईनं लिवलंय म्हंजी येनार. थोडा येळ लागत आसंल. म्हनून सकाळपासनं नंबर लावलेत.”

मला तिथल्या तिथं मरून जावंसं वाटलं. एखाद्याच्या शब्दावर माणसं एवढी विसंबतात, डोळ्यांनी बघितलेल्यापेक्षा जास्त विसंबतात, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तरी कळलं नसतं. हंडे बघावे लागले.

ताई पारावर चढल्या. पेपर उघडला आणि ती बातमी, माझी बातमी, मथळ्यापासून शेवटापर्यंत मोठ्यानं वाचली. आनंदाश्रूसुद्धा वाचले. मग म्हणाल्या, “बायांनो, यातलं काहीही खरं नाही. पाणी यायच्या आधीच हे लिहून पाठवलं होतं. माझ्या नावानं आलंय, म्हणून माझी चूक. माझ्या नावावर विसंबून तुम्ही आज झिऱ्यावर गेला नाहीत, तुमचा दिवस मोडला. मला क्षमा करा.” आणि त्या बाईनं, सगळा तालुका जिला ताई म्हणून वाकायचा, त्या बायकांपुढं दोन्ही हात जोडले.

मग एक तरुण बाई, कडेवर पोर असलेली, ती फणकारली, “आवं पन टँकरवाला गेला ना माघारी. म्हनला, तुमच्या पेपरात पानी आलंय, आता टँकर बंद.” तेव्हा कळलं की सकाळीच टँकर अर्ध्या वाटेवरून परत फिरवला होता. पुढं समजलं, तालुक्याच्या कचेरीतल्या कुणा साहेबानं पेपरचं कात्रण कापून फाइलला लावलं होतं. इतर पेपर होतेच, पण त्यानं निवडून ताईंचंच लावलं होतं, कारण त्या नावापुढं कुणी वाद घालणार नाही.

हौसाबाईनं त्या पोरीला गप केलं. घरात जाऊन एक तांब्या घेऊन आली. “पानी घ्या. वाळून कोळ झालायसा.” ते झिऱ्याचं पाणी होतं, कालचं, गढूळ. ताईंनी जन्मात न उकळलेलं पाणी तोंडी लावलं नव्हतं. लोकांच्या लग्नातसुद्धा स्वतःचा तांब्या न्यायच्या. त्यांनी पदराचं टोक तांब्याच्या तोंडावर दुहेरी धरलं, गाळलं, आणि सगळं पाणी प्यायल्या. थेंबही ठेवला नाही. मग म्हणाल्या, “लई गोड आहे. पण हे प्यायला तुम्हाला लावणं बरं नव्हं.” हौसाबाई तोंडाला पदर लावून हसली आणि पहिला रिकामा हंडा उचलून झिऱ्याच्या वाटेला लागली. तिच्यामागं बाकीच्या. रांगेतल्या प्रत्येकीनं आपापला हंडा उचलला आणि आम्ही दोघी पारावर उभ्या राहून त्या जाताना बघत होतो.

त्यानंतरचं थोडक्यात. पेपरनं खुलासा छापला नाही. संपादक फोनवर म्हणाले, एवढ्यातेवढ्यासाठी खुलासे छापले तर आमच्या अब्रूचं काय. कचेरीतल्या साहेबाला ताई भेटल्या, तर तो म्हणाला, “मी पेपर वाचतो, फळे वाचत नाही.” म्हणून ताईंनी तो फळा पुसलाच नाही. रोजचं सगळं बंद करून तेवढ्याच पाच ओळी ठेवल्या. गाड्या येत होत्या, माणसं वाचत होती, आणि अण्णा साडेतीनच्या गाडीत पुण्यापर्यंत प्रत्येक थांब्यावर ते म्हणून दाखवत होते. खोटं ज्या गाडीनं गेलं त्याच गाडीनं खरं जात होतं, आणि आपल्या लेकीनं ते खोटं दिलं होतं हे त्या माणसाला कधीच कळलं नाही. चौथ्या दिवशी टँकर पुन्हा चालू झाला. पाइपाचा तुकडा बसायला दिवाळी उजाडली, पण बसला. पाणी आलं त्या दिवशी ताई पारावर दिवसभर बसून राहिल्या. संध्याकाळपर्यंत धार थांबली नाही, तेव्हा कुठं त्यांनी वही उघडली. पेपरचं मात्र त्याआधीच पत्र आलं होतं, की आपली वार्ताहर म्हणून नेमणूक रद्द करण्यात येत आहे. ताईंनी ते वाचलं, उलटवलं, मागची बाजू कोरी आहे असं बघितलं आणि तिच्यावर उद्याच्या फळ्याचा मजकूर लिहायला घेतला.

पुढं त्यांना दुसऱ्या पेपरचं काम मिळालं, मी पुण्याला गेले, बरंच काही झालं. पण आमच्या आंबेगाव तालुक्यात आजही जुनी माणसं सांगतात, विमलताई फार मोठी बाई, फक्त एकदा तिनं खोटी बातमी दिली होती. फक्त एकदा. ते ‘फक्त एकदा’ माझं आहे. मी चाळीशी गाठली, पन्नाशी गाठली, पुरस्कार घेतले, पोरींना पत्रकारिता शिकवली, आणि गप्प राहिले. ताईंनीच गप्प राहायला सांगितलं होतं, असं स्वतःला समजावत राहिले.

दोन महिन्यांपूर्वी ताईंना मंचरला दवाखान्यात ठेवलं होतं. आता ऐंशीच्या पुढं आहेत. मला तेजूचा फोन आला. तेजू बोरी बुद्रुकची, हल्लीची वार्ताहर. बिबट्या दिसला की पाच मिनिटांत तिचा व्हिडिओ राज्यभर फिरतो. मला ती फार आवडते. म्हणाली, “मॅडम, वाईट वाटून घेऊ नका, पण ऑफिसनं सांगितलंय विमलताईंवर लेख तयार ठेवा म्हणून. ऐनवेळी घाई होते. तुम्ही लिहाल का? त्या खोट्या बातमीचा किस्सापण घ्या ना, माणूस म्हणून छान दिसेल.”

तिचं काही चुकलं नव्हतं. सगळे पेपर असंच करतात, मीही दुसऱ्यांची मरणं आधी लिहून ठेवली आहेत. पण मी फोन ठेवला. मी गाडी काढली आणि मंचरला गेले. ताई उशाला टेकून बसल्या होत्या, समोर गाळलेल्या पाण्याचा ग्लास. मी सगळं सांगितलं. त्या बारीक झालेल्या, पण हसल्या त्या आवाजात काही फरक नव्हता.

“साडेतीनच्या गाडीला द्यायची घाई दिसतीय तुमच्या लोकांना,” म्हणाल्या. “मग, लिहिलंस?”

“नाही. घडल्याशिवाय नाही लिहीत मी आता.”

“शहाणी झालीस. उशिरा झालीस, पण झालीस.”

मग मी त्यांना फोनचं सांगितलं. काळ्या फोनचं, कुलपाचं, मथळ्याचं. एवढ्या वर्षांनी. ताई ऐकत राहिल्या, मला बोलून पुरं करू दिलं, जसं त्या सगळ्यांना करू द्यायच्या. शेवटी म्हणाल्या, “मला ठाऊक होतं. मोहननं तेव्हाच सांगितलं, पोरगी फोनकडं बघत उभी होती म्हणून.” आणि हात पुढं करून माझ्या मनगटावर ठेवला. “आता तुझ्या नावाला वजन आलंय. आता लिहायला हरकत नाही.”

मागल्या आठवड्यात त्या घरी आल्या. दुकान आता त्यांचा भाचा चालवतो, ओट्यावर मोबाइल रिचार्जचा मोठा फ्लेक्स लावला आहे. मी त्याला तो काढायला लावला. मागं फळा होता, पोपडे आलेला, पण काळा. ताईंची खुर्ची ओट्यावर आणून ठेवली, तेजूलाही बोलावलं होतं. मी फळा ओल्या फडक्यानं पुसला आणि लिहिलं. ‘वरच्या वाडीत पाणी आल्याची खोटी बातमी विमलताईंनी लिहिली नव्हती. ती मी लिहिली. ती थांबवायला फोन समोर होता, तो मी केला नाही. वाडीतल्या बायकांची आणि ताईंची मी क्षमा मागते.’ गाडीला थांबलेली चार माणसं येऊन वाचायला लागली. अक्षर काही ताईंसारखं आलं नाही. मी मागं सरकून उभी राहिले.

ताई चष्मा पुसून सगळं सावकाश वाचत होत्या, शेवटच्या ओळीपर्यंत गेल्या आणि तिथं थांबल्या.

“सुजाता,” म्हणाल्या, “खाली सही राहिली.”

मी खडू घेतला आणि नाव घातलं.